सोलापूरहून अंदमान: आधी जॉली बॉयचा दिवस धरा, मग विमानाचं तिकीट काढा

अंदमानला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चौकशी विमानाच्या तिकिटाची होते. स्वस्त तिकीट मिळालं त्या तारखा पक्क्या, मग हॉटेल, आणि बाकीचं ‘तिथं गेल्यावर बघू’. गोव्याला हे चालून जातं. अंदमानात नाही. जे बघायला एवढ्या लांब जायचं ते वंडूरचं सागरी राष्ट्रीय उद्यान वर्षातले ठरावीक महिने, आठवड्यातले ठरावीक दिवस, मोजक्या बोटी आणि वन खात्याचा परवाना, एवढ्यात अडकलेलं असतं. त्यातलं एकही जुळलं नाही तर माणसं सेल्युलर जेल आणि दोन-तीन किनारे बघून परत येतात आणि ‘प्रवाळ काही दिसलं नाही बुवा’ म्हणतात. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. आधी समुद्र, मग विमान.

१. नकाशा एकदा नीट बघून घ्या

विमान उतरतं ते पोर्ट ब्लेअरला. २०२४ च्या सप्टेंबरपासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. तिकिटावर, पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी दोन्ही नावं सापडतात, त्यामुळे गोंधळू नका. तिथून तीसेक किलोमीटरवर, दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याला वंडूर नावाचं गाव आहे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची सुरुवात तिथल्या धक्क्यावरून होते. हे उद्यान १९८३ साली झालं. साधारण २८१ चौरस किलोमीटरचा हा पट्टा असून त्यात पंधरा बेटं आणि मधल्या खाड्या येतात. पर्यटकांना पाय ठेवता येतो तो त्यातल्या दोनच बेटांवर, जॉली बॉय आणि रेड स्किन. तेही एका वेळी एकच उघडं असतं, म्हणजे दुसऱ्याला विश्रांती मिळते.

सुट्टीचं, किनाऱ्याचं गाव म्हणून लोक जिथं राहतात ते वेगळं. ते म्हणजे स्वराज द्वीप, पूर्वीचं हॅवलॉक. हे नाव २०१८ च्या डिसेंबरपासूनचं. पोर्ट ब्लेअरहून तिथं बोटीनेच जायचं. वंडूर एका बाजूला आणि स्वराज द्वीप दुसऱ्या बाजूला असल्यामुळे दोन्ही एका दिवसात उरकायचा विचारसुद्धा करू नका.

२. महिना निवडा

जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं, उरलेल्या काळात रेड स्किन. प्रवाळ जॉली बॉयला जास्त चांगलं आहे, यात वाद नाही. मात्र नोव्हेंबरची नेमकी तारीख दरवर्षी तीच असेल असं धरून चालू नका. दिवाळी लवकर आली आणि सुट्टीत गेलात तर रेड स्किनच वाट्याला येण्याची शक्यता मोठी.

पावसाचं गणित आपल्यापेक्षा पूर्ण वेगळं आहे. सोलापुरात वर्षभरात पडतो त्याच्या चौपट तरी पाऊस तिथं पडतो, आणि तो दोन्ही मोसमी वाऱ्यांतून पडतो. मेच्या मध्यानंतर नैर्ऋत्येकडचा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा. बंगालच्या उपसागरातली वादळंही नोव्हेंबर-डिसेंबरातच जोर धरतात. समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत नितळ असतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. आता तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात, हे मलाही ठाऊक आहे. घरात शाळकरी मुलं असतील तर गड्ड्याची जत्रा उरकून जानेवारीच्या शेवटी चार-पाच दिवस रजा टाकणं हा मला दिसणारा बरा मार्ग. नाताळच्या आठवड्यात सगळं मिळतं, पण गर्दीच्या भावात.

३. परवाना आणि बोट: हे दोन वेगळे कागद

इथं सगळ्यांत जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा. उद्यानात जायचा परवाना वन खात्याचा. बोटीचं तिकीट वेगळं. परवाना हातात आहे म्हणजे बोटीत जागा आहे असं नाही, आणि बोटवाल्याने नाव लिहून घेतलं म्हणजे परवाना झाला असंही नाही. दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा असते आणि बोटी सकाळीच सुटतात. दुपारी वंडूरला पोचून ‘एक बोट मिळेल का?’ विचारण्यात अर्थ नाही.

सोमवारी उद्यान बंद असतं. तुमच्या सहलीत पोर्ट ब्लेअरचा जो मोकळा दिवस आहे तो नेमका सोमवार तर नाही ना, हे तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर ठेवून तपासा. शिवाय जॉली बॉय शेवटच्या दिवशी ठेवू नका. हवा बिघडली तर बोट रद्द होते आणि मग पुढचा दिवस हाताशी नसतो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वंडूर, मग स्वराज द्वीप, शेवटी पुन्हा पोर्ट ब्लेअर, हा क्रम सगळ्यांत सोयीचा.

एजंटकडून पॅकेज घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: ‘जॉली बॉय आहे का, आणि ते लेखी आहे का?’ बऱ्याच पॅकेजांत ‘कोरल आयलंड’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात नेतात नॉर्थ बे बेटावर. ते पोर्ट ब्लेअरच्या अगदी समोर असल्याने त्यांना सोपं पडतं. नॉर्थ बे वाईट नाही, तिथला दीपगृहाचा देखावा जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर छापलेला होता. पण ते राष्ट्रीय उद्यान नव्हे. एजंट म्हणेल, ‘दोन्हीकडे सेमच आहे सर.’ सेम नाही.

४. सोलापूरहून जायचं कसं

थेट काही नाही. तीन वाटा आहेत.

हैदराबाद ही मला सगळ्यांत पटलेली. रेल्वेने पाच-सहा तास, रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून पोर्ट ब्लेअरला विमान. फक्त शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे हे विसरू नका. सिकंदराबादला उतरून तिथं पोचायला गर्दीच्या वेळी दीड तास सहज जातो. पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच जाऊन राहा.

दुसरी वाट चेन्नईची. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरच आपलं स्टेशन आहे, त्यामुळे गाडी सोलापुरातच धरता येते. प्रवास लांब, पण चेन्नईहून विमानं जास्त आणि हवेतला वेळ दोन तासांच्या थोडा वर. आईवडिलांना तिरुपती घडवायचं असेल तर याच मार्गावर रेणिगुंटा लागतं, एका फेरीत दोन कामं होतात. तिसरी पुण्याची. तिकडून बहुतेक वेळा मध्ये विमान बदलावं लागतं, आणि सामान शेवटपर्यंत आपोआप जाणार की मध्ये उतरवून घ्यायचं, हे आधी विचारून ठेवा.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं. साधारण तीन दिवस लागतात. ‘काला पाणी’चा अनुभव म्हणून ऐकायला छान वाटतं, पण लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर नको.

५. कागदपत्रं

भारतीय नागरिकांना अंदमानात उतरायला वेगळा परवाना लागत नाही. तरीही विमानतळ, धक्का, वंडूर, हॉटेल अशा प्रत्येक ठिकाणी ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालेलच असं नाही.

- प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड, मुलांचंही. तान्ह्या बाळाचा जन्मदाखला.
- सगळ्या ओळखपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स.
- उद्यानाचा परवाना, बोटींची तिकिटं आणि परतीचं विमान तिकीट, सगळं कागदावर छापून.
- स्वराज द्वीपवर स्कूटर घ्यायची असेल तर मूळ लायसन्स.
- रोजची औषधं पुरून उरतील एवढी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

नेटवर्क पूर्वीसारखं वाईट नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून सुधारलं आहे. पण बोटीत आणि किनाऱ्यावर सिग्नल जातो, आणि त्याबरोबर तुमचा यूपीआयही. थोडी रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. बरोबर परदेशी पासपोर्ट असलेला जावई किंवा भाचा असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते त्यानेच अगोदर तपासावेत.

६. बॅग भरताना

आपल्याच गावच्या मालाबद्दल असं लिहिणं जिवावर येतं, पण जाड टर्किश टॉवेल घरी ठेवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो तासाभरात वाळतो. तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओला असतो, आणि परतीच्या वजनात तोच नडतो. माणशी दोन पातळ पंचे घ्या.

जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासारखं प्रवासी अन्न नाही. दोन्ही टिकतात, आणि समुद्रावरून आल्यावर जी भूक लागते तिला पुरतात. चटणी मात्र हातातल्या बॅगेत नको, तपासणीत पूड बाहेर काढायला लावतात. ती चेक-इन सामानात, स्टीलच्या डब्यात. डबा स्टीलचाच का, ते पुढच्या मुद्द्यात येईल. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेव्हा प्रसादाचं खोबरं आधीच वाटून टाका.

याशिवाय: लांब बाह्यांचे अंगाबरोबर बसणारे टी-शर्ट, टोपी, ओल्या दगडावर न घसरणारी चप्पल, डासांचं मलम, बोट लागते त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माशा चावतात. दिसत नाहीत, पण खाज दोन-चार दिवस जात नाही. वाळूवर नुसतं लोळायचं नाही, खाली काहीतरी अंथरायचं.

७. वंडूरचा दिवस

आदल्या रात्री लवकर झोपा. अंदमान आपल्यापेक्षा सतरा अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे सूर्य सोलापूरपेक्षा तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबर-जानेवारीत पाच-सव्वापाचला दिवस संपतो. ‘आरामात दहाला निघू’ म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. वंडूरसाठी साडेसहा-सातला पोर्ट ब्लेअर सोडा.

जेवण बरोबर घ्यायचं, कारण बेटावर दुकान नाही, टपरी नाही, चहासुद्धा नाही. आणि ते प्लॅस्टिकमध्ये न्यायचं नाही. धक्क्यावर वन खात्याची माणसं पिशव्या उघडून बघतात, आणि अगदी मनापासून बघतात. चिप्सचं पाकीट, बिस्किटाचा पुडा, मुलाच्या खिशातलं चॉकलेट, कॅरीबॅगेत गुंडाळलेले ओले कपडे, सगळं बाहेर निघतं. पाण्याच्या बाटलीला अनामत रक्कम भरावी लागते आणि परत येताना ती बाटली दाखवली की पैसे मिळतात. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी कडक भाकऱ्या सुती फडक्यात आणि चटणी स्टीलच्या डबीत बांधून आणली होती. त्यांची पिशवी तपासणाऱ्याने डबीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि हसून पुढं सोडलं. मागच्या कुटुंबाची मात्र टेबलावर पुड्यांची रास लागली होती. तेव्हा स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, कापडी पिशवी. सोलापुरात प्रत्येक घरात हे असतंच, फक्त बॅगेत टाकायचं लक्षात ठेवा.

स्वच्छतागृहाचं काम बोट सुटण्याआधी वंडूरलाच उरकून घ्या. बोट निघाली की सुरुवातीला दोन्ही बाजूंना खारफुटीचं जंगल लागतं, मुळं पाण्यात उभी असलेलं. फोटोसाठी सगळे एका बाजूला धावतात आणि खलाशी ओरडतो. त्याचं ऐका.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट थोड्या अंतरावर थांबते आणि काचेच्या तळाच्या लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. गुडघे दुखणाऱ्यांना या बदलाबदलीत हात द्यावा लागतो, त्यांना आधी सांगून ठेवा. त्याच होडीतून प्रवाळ दाखवायची छोटी फेरी होते. लांबची फेरी हवी असेल तर पैसे वेगळे. पोहता येत नसेल तर लांबची फेरी घ्याच, ते पैसे वाया जात नाहीत.

काचेतून काय दिसतं, याबद्दल खोटी आशा नको. जाहिरातीतल्या फोटोंसारखा लाल-जांभळा बगीचा दिसणार नाही. प्रवाळाचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे असतो. पाणी नेहमीपेक्षा तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यामुळे मध्येमध्ये राखाडी, मेलेले पट्टे दिसतात. पण त्यांच्या कडेलाच मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे गोल दगड, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, आणि त्यांत शिरणारे-निघणारे पोपटी-निळे मासे असतात. सकाळी ऊन सरळ पाण्यात उतरतं तेव्हा सगळ्यांत चांगलं दिसतं. होडीत सावलीच्या बाजूला वाकून, काचेवर हाताचा आडोसा करून बघा.

स्नॉर्कलिंग, म्हणजे चष्मा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं, करायचं असेल तर दोन गोष्टी. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस समुद्रात फाजील आत्मविश्वासाने उतरतो. खारं पाणी तरंगायला मदत करतं हे खरं, पण ओढ दिसत नाही. लाइफ जॅकेट घाला, लाज वाटून घेऊ नका. आणि प्रवाळावर उभं राहू नका. दगड वाटला तरी तो जिवंत प्राण्यांचा आहे. गोलसर जातीचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर वाढतं, म्हणजे एका टाचेने कित्येक वर्षांचं काम मोडतं. तुमचा पायही कापतो, आणि ती जखम लवकर भरत नाही. अंगाला क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. उन्हापासून तेवढंच रक्षण होतं आणि पाण्यात काही मिसळत नाही. माशांना भाकरी-बिस्किट घालू नका.

बेटावर मिळतात दोन-तीन तास. परत आल्यावर वंडूरचा किनारा बघायचा मोह होतो. बघा, सुंदर आहे. पण तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या इशाऱ्याच्या पाट्या आहेत. त्या शोभेला लावलेल्या नाहीत. जाळी लावलेल्या भागापलीकडे, किंवा संध्याकाळी, पाण्यात पाय घालू नका.

८. स्वराज द्वीप

सरकारी बोट स्वस्त, खासगी बोट वातानुकूलित आणि वेगवान. खासगीने साधारण दीड-दोन तास. सरकारी तिकिटं लवकर संपतात, तेव्हा खासगी धरूनच हिशेब करा. बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते ते तिकिटावर वाचा. पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हॅडो असे वेगवेगळे धक्के आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी उभं राहून बोट चुकवणारी माणसं रोज दिसतात. तासभर आधी पोचा.

राहायला गोविंदनगर किंवा विजयनगरचा किनारा सोयीचा, धक्का आणि बाजार जवळ पडतो. राधानगर किनारा पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्तासाठी. कालापत्थर पूर्वेला, सूर्योदयासाठी. राधानगरला २०२० साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं आणि वाळू खरोखर पिठासारखी आहे. पोहायचं ते जीवरक्षक असतात त्या भागातच. अंधार लवकर पडतो आणि परतीला रिक्षा कमी असतात, म्हणून जाणाऱ्या रिक्षालाच परत न्यायचं ठरवून टाका.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी (डाइव्ह), करायचं असेल तर ते स्वराज द्वीपवर पहिल्या दिवशी उरका. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत निदान १८ तास जायला हवेत, २४ गेले तर उत्तम. दमा, कानाचा त्रास, रक्तदाब असेल तर फॉर्मवर खरं लिहा. ‘काही नाही हो, टिक करा’ म्हणणाऱ्या दुकानात डाइव्ह करू नका.

जेवणाची काळजी नको. या बेटावर बंगाली वस्ती मोठी, मासे-भात कुठेही मिळतो. शाकाहारी लोकांनी ‘ग्रेव्हीत मासा नाही ना’ हे एकदा विचारून घ्यावं. पोर्ट ब्लेअरला इडली-डोशाचा प्रश्नच नाही. हिंदी सगळीकडे चालते, आणि आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांची तर चैनच आहे, तिथं तेलुगू माणसं भरपूर. बाजारात भाव करताना याचा उपयोग होतो.

९. परतीचा

परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. त्याच दिवशी सकाळी बोटीने येऊन दुपारचं विमान धरायचा बेत कागदावर जमतो, पण वारा उठला की बोट रद्द होते आणि तिकिटाचे पैसे बुडतात. या मोकळ्या संध्याकाळी सेल्युलर जेल बघा. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. कोठडी आणि फाशीघर दोन्ही दाखवतात. इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज ये-जा करणाऱ्या सोलापूरकराला त्या फाशीघरापुढे थोडा वेळ लागतोच, तेव्हा प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाच्या ऐन वेळी पोचू नका. आधी या.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, मुलांच्या खिशातही नकोत. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवानाधारक दुकानातून, आणि पावती हातातल्या बॅगेत.

हैदराबादमार्गे येत असाल तर सोलापूरच्या गाडीचं आरक्षण विमान उतरल्यानंतर निदान पाच तासांनी धरा. विमान उशिरा आलं आणि गाडी चुकलीच, तर रात्री सोलापूरकडे येणाऱ्या बस मिळतात. ओले कपडे मात्र वेगळ्या पिशवीत वर ठेवा, घरी येईपर्यंत बंद बॅगेत राहिले तर कुबट वास आठवडाभर जात नाही.